एक्केचाळीस

अंबादास येमूल, वय अठ्ठावन्न.
व्यवसायाच्या रकान्यात मी ‘विणकर’ लिहिलं,
त्यांनी खोडायला लावलं.
‘आम्ही विणत नाही ओ. जकार्डच्या कार्डाला भोकं पाडतो.
भोकं बघून माग विणतो.’
उजवी पापणी मिटत नव्हती. चहा ओठाच्या कोपऱ्यातून
शर्टावर उतरत होता,
आणि डाव्या पायात रात्रीच्या मुंग्या.
मुंग्या नव्हे, म्हणाले, ठिणग्या.

फुलारी मॅडमनी सगळं विचारलं, साखर, दारू, नागीण,
मग उठता उठता: बाहेरगावी कुठं गेला होतात?
दोन वर्षांमागं, मुलीकडं, वायनाडला. कॉफीचा मळा.
जळवा लागल्या होत्या. गोचीड?
असेल. मोजली कुणी.
चिठ्ठीवर एक ओळ वाढली.
‘लाइम म्हंजे लिंबू ना ओ?’
बायको हसली, राजमणी, आणि लगेच
पदर तोंडाला लावून थांबली.

आमच्याकडं ही तपासणी होत नाही.
रक्त काढलं, फिरवलं, वरचं पिवळं पाणी वेगळं केलं,
बर्फाच्या डब्यात घालून सात रस्त्याच्या कुरिअरला दिलं.
बाहेर एक्केचाळीस होतं. डांबर चप्पल सोडत नव्हतं.

पहिला निकाल: सीमारेषेवर.
दुसरा आठ दिवसांनी. एक अरुंद पट्टी,
तिच्यावर आडव्या रेघा उमटण्याच्या दहा जागा.
पाच उमटल्या तर होकार.
मी चार मोजल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा चार.
त्यांनी कागद उजेडाकडं धरला, कार्ड धरतात तसा,
आणि डाव्या डोळ्यानं वाचला.
‘तीन आहेत. ही चौथी नाहीच.
तुम्हाला हवी आहे म्हणून दिसती.’

खरं होतं.
मला नाव हवं होतं त्या चेहऱ्यासाठी,
ज्याला औषध लिहिता येतं असं एखादं नाव.
आणि तीनांतली सगळ्यात काळी रेघ एक्केचाळीसची,
जी हिरड्यांतल्या साध्या जंतूंमुळंही उमटते,
तुमच्या, माझ्या, कुणाच्याही रक्तात.

अँटीबॉडी म्हणजे बंद गिरणीच्या हजेरीपटावरचं नाव.
माणूस कधीतरी कामाला होता, एवढंच.
आज तो कुठं आहे,
पट्टा तुटला तेव्हा पाळीवर होता की नाही,
पटावर नसतं.
हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचे वडील गिरणीतच होते.

मॅडम म्हणाल्या, पाठीतलं पाणी काढू.
रक्त आणि पाणी एकाच दिवशी, शेजारी शेजारी तोलायचं.
पाण्यात वाजवीपेक्षा जास्त निघालं,
तरच बोट दाखवता येईल.
गल्लीत कुणाचे तरी पाय गेले होते म्हणे त्या सुईनं.
राजमणीनं दोनदा विचारलं. मॅडमनी दोनदा सांगितलं.

कुशीवर, गुडघे छातीशी.
टेपनं मिटवलेली पापणी.
‘एका कार्डावर मोर दिसत नाही,’ भिंतीला म्हणाले,
‘सगळी माळ चढवावी लागती.
आणि एक भोक चुकलं, तर मान मोडती त्याची.’
‘बोलू नका,’ मॅडम म्हणाल्या, ‘हलू नका.’

थेंब पडायला लागले. मी मोजत होतो.
इतकं स्वच्छ, की नळी रिकामीच वाटावी.
दोन्ही नळ्यांवर मी एकच तारीख लिहिली, एकच वेळ,
आणि येमूलमधला दीर्घ ऊकार
पुन्हा एकदा तपासून पाहिला.