बारा मैलांपलीकडे

साखरी नाट्याची जुलेखा होडेकर
टेबलावर ओला कागद ठेवते:
“माजो अन्वर नक्की कोनाचो?”

बारा सागरी मैलांपर्यंत मासळी राज्याची,
पुढची केंद्राची.
तिथे पाटी नाही, दोरी नाही.
वारा फिरला, जाळं ओढत गेलं
आणि गस्तीच्या बोटीनं माणूस उचलला.
बंदर खातं म्हणालं, दिल्लीला लिहा.
दिल्लीहून उत्तर: राज्याकडे वर्ग.

राज्यसूचीत मासेमारी एकविसावी,
जगण्याचा हक्कही कलम एकवीस.
या दोन एकवीसांच्या मधे
दांडीवर एक लुंगी,
सतरा दिवस वाळून कडक.

मी टंकायला घेते: बंदी प्रत्यक्षीकरण…
ती माझा हात धरते.
“कलम मागनं घाल.
पयलं लिव, रातचो खोकतो तो.
गोळ्यो घरातच रवल्यो.”