नव्याचे नऊ डाव

ब्रनोतल्या शाळेची व्यायामशाळा,
बास्केटबॉलच्या जाळीखाली तेवीस टेबलं.
ओताकारच्या साठ पत्त्यांत एकही ड्रॅगन नाही.
बावीस गोगलगायी, एक दीपगृह,
बाकी नुसतं गवत.

मीही हसलो होतो.
मग त्याच्या स्वयंपाकघरात चाळीस डाव झाले,
ट्रामच्या जुन्या वेळापत्रकामागे मी आकडे मांडले:
तो सतरा, मी तेवीस.
पण पहिल्या दहांत नऊ त्याचे.

तिथंच पाणी मुरत होतं.
समोरचा पत्ता उचलतो, चष्मा वर सारतो,
बारीक अक्षरं वाचतो, परत वाचतो,
तेवढ्यात गोगलगाय कुंपण ओलांडते.
नव्याचे नऊ डाव, म्हटलं मी,
दहावा कुणाचा?
तो पत्ते पिसत राहिला.

आज चौथी फेरी. समोर बोहदाना,
सोळा वर्षांची, दातांना तार.
पहिली गोगलगाय पडते.
ती पत्ता उचलत नाही,
वाचत नाही.
दुसऱ्या डावाआधी राखीव गठ्ठ्यातून काढते
मीठ.
चार पत्ते मीठ!
या अख्ख्या हॉलमध्ये ते आणखी कुणासाठी आणणार?

ओताकार हरतो. निकालाच्या कागदावर सही करतो
आणि माझ्याकडे असा बघतो
की जणू कुणीतरी त्याला
आत्ताच नावानं हाक मारली.