उपलब्ध नोंदींच्या अधीन राहून

टिपणीस वकिलांकडे मी लागले तेव्हा
तीस वर्षांचा शोध म्हणजे तीन आठवडे,
त्यातला एक
कोर्टनाक्याचा रेकॉर्डवाला जेवून येईपर्यंतचा.
पास्कल, आमचा सर्च क्लार्क,
सूची दोनची पानं उलटायचा.
बोटाला थुंकी लावायची नाही, सर ओरडत,
कागदाला वाळवी तेवढी पुरे.
फी शेकडा एक.
वर कोणी ताडगोळे आणून दिले तर ते ऑफिसात सगळ्यांना.

बाळकुमच्या एका सात-बारावर
सहा भाऊ ओळीनं उभे होते.
सर म्हणाले, सहा भाऊ आणि बहीण एकही नाही?
जा. ओटीवर नको, चुलीपाशी विचार.
द्वारकी निघाली. कळव्याला दिलेली, धडधाकट.
अंगठा उठवण्याआधी तिनं विचारलं,
यानं माझं काय जातं?
सरांनी दोन तास सांगितलं.
व्यवहार मोडला, फी बुडाली,
त्या महिन्याचा माझा पगार पुढच्या महिन्यात.

आता मी बँकेच्या पॅनलवर.
फाइलमागे बाराशे,
कापून एक हजार ऐंशी, नव्वद दिवसांनी.
मुदत चोवीस तास; फोनवर लाल आकडे उलटे पळतात.
घोडबंदरच्या टॉवरला तीनशे फ्लॅट, शोध एकच,
नाव बदलायचं, मजला बदलायचा.
एकदा राहिला बदलायचा,
आणि एकोणिसाव्यावरचे कुणी गुरव
चार महिने कागदोपत्री सातव्यावर राहिले.
कोणाचंच काही अडलं नाही.

काल रात्री कोलशेतची फाइल.
शहाण्णव सालचं स्कॅन: पान फाटलेलं.
फाटलेल्याच्या वर पाच भाऊ.
माझ्याकडे त्यासाठी एक वाक्य आहे,
'उपलब्ध नोंदींच्या अधीन राहून',
त्यावर माझं घर चालतं.
पण बोटं थांबली.
शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं: बहीण असावी, चौकशी करावी.
पोर्टल म्हणालं,
अवैध नोंद. आहे किंवा नाही निवडा.

सकाळी रिक्षा केली. जाऊन-येऊन दोनशे साठ;
वजाबाकी मी ढोकाळीच्या सिग्नलला केली आणि सोडून दिली.
दोन टॉवरांच्या मधे उरलेलं घर,
मागच्या दारी म्हातारी बोंबील साफ करत होती.
फ्लॅटवाली का गं तू?
म्हटलं, नाही. एवढंच विचारायचंय,
या भावांना बहीण होती का?

तिनं वर न बघता विचारलं,
कनची? मोठी का धाकली?