यजमान संघ

माझं काम महापेला, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री दहा ते सकाळी सात.
जिथे कॅमेरा जात नाही
त्या सामन्यांचे निकाल मी भरते.
आइसलँडचा खालचा विभाग, भूतानच्या मुली,
आणि मार्चपासून तुवालू.

तुवालूची नोंद रात्री अडीचला येते.
तिथे तेव्हा सकाळचे नऊ.
पाठवणारी सेलिना, शाळेत शिकवते.
एकदा तिने लिहिलं,
दुसऱ्या हाफचं माहीत नाही, मुलाला ताप होता, घरी गेले.
साहेबांना न विचारता मी एक रात्र थांबले.
मुलगा बरा. तीन-एक.

संघ बेटांचे: वैतुपू, नुकुफेताऊ, नानुमेआ.
पहिल्या आठवड्यात रिकाम्या पॅन्ट्रीत
मी ही नावं मोठ्याने म्हणून पाहिली,
कॉफीचं मशीन बंद असताना.
पण खेळायचं सगळ्यांनी फुनाफुतीत,
मैदान ते एकच.
माणसं नोकरीला आली, शाळेला आली,
बेट मागे राहिलं, नाव शर्टावर आलं.

माझ्या फॉर्मात मात्र एक रकाना आहे, लाल ताऱ्याचा:
यजमान संघ.
रिकामा ठेवला तर पान पुढे सरकत नाही.
सेलिनाला विचारलं, यजमान कोण?
ती म्हणाली, तुला वाटेल तो टाक.

मी हरलेल्याला टाकते.
निदान घरी हरले, असं तरी होतं.

रविवारी पपांना सांगितलं.
ते निवट्या साफ करत होते, बाजारातल्या.
म्हटलं, तिथे पोरं संध्याकाळी धावपट्टीवर फुटबॉल खेळतात.
पपांनी राखेचा हात थांबवला.
‘न इमान आयलं मंग?’
भोंगा वाजतो. पोरं बाजूला होतात.
‘न गेलं का?’
परत खेळतात.
‘परत खेलतान?’
हो.
‘तेच पोर?’
तीच.
मग बराच वेळ ते एकाच निवटीला राख चोळत राहिले.

आमचं बामणखार धावपट्टीच्या एका टोकाखाली आहे.
कुठल्या, यावर काका आणि पपा अजून भांडतात.
भात कापून झालं की त्याच शेतात
पपा सेंटर हाफ. अनवाणी. धसकटांनी तळवे फाटलेले.
गोलला भेंडीचे दोन वासे,
आडवा वासा नाहीच, म्हणून उंच मारलेल्या प्रत्येक चेंडूवर
अर्धा तास वाद,
आणि निकाल द्यायला जोमा गवळण,
कारण ती कुणालाच घाबरत नसे.
डोंगर सपाट झाला, नदीला नवीन वळण मिळालं,
आम्हाला साडेबावीस टक्के.
परवा करंजाडेच्या स्पर्धेत लाउडस्पीकरवर पुकारलं,
‘बामणखार इलेव्हन मैदानात यावे’,
आणि मैदानाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांतले चार जण
आपसूक उठून उभे राहिले.

आज अडीचला:
नानुमेआ दोन, वैतुपू दोन.
सामना उशिरा सुरू झाला, सेलिना लिहिते,
मोठी भरती होती, मैदानात पाणी.
मी पपांना फोन करत नाही, रात्र आहे,
पण ते काय विचारतील ते मला माहीत आहे:
उधानाचं पानी वरशी आयलं का खालशी?
सेलिनाला तसंच विचारते.
खालून, ती लिहिते. जमिनीतून. त्याला बांध नसतो.
गोलकीपर मोजे काढून उभा होता.

दोन-दोन.
कुणीच हरलेलं नाही, आणि लाल तारा तसाच.
कर्सर लुकलुकतोय यजमानाच्या जागी.
काहीच भरलं नाही
तर वीस मिनिटांनी फॉर्म आपोआप बंद होतो.
अजून अकरा आहेत.