बाटली क्रमांक चौदा

कच्छहून पोत्यांतून आलेली ही माती
पाणी प्यायली की फुगते,
आपल्या भेगा आपणच बुजवते.
म्हणून तिची नेमणूक झालीय:
काचेत गोठवून पोलादात कोंडलेल्या
त्या किरणोत्सारी उष्ट्याभोवती
खोल खडकात बसून राहायचं.
लाखभर वर्षं.

माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं.

फतेगंजात, तिसऱ्या मजल्यावर
हवा काढून बंद केलेल्या चौदा बाटल्या,
प्रत्येकीत दाबलेली ओली माती
आणि नखाएवढा पोलादाचा तुकडा.
अकरा महिन्यांनी बुचं उघडली.
तेरा गप्प.
चौदावीतून नासक्या अंड्यांचा वास
थेट जिन्यापर्यंत.
जशीबेन झाडू घेऊनच आत आल्या,
‘कोई मरी गयुं के शुं?’

नाही, जशीबेन. कुणीतरी जगलंय.

तुकड्यावर तिळाएवढा काळा डाग,
पुसला तर खाली खड्डा.
यांना हवा लागत नाही.
मातीतल्या सल्फेटवर श्वास घेतात,
लोखंड गंजताना सुटणारा हायड्रोजन खातात,
बदल्यात जे सोडतात
ते पोलादाला कुरतडतं.
पण तोच हायड्रोजन साठत गेला
तर मातीची भिंत आतून फाटायची.
म्हणजे खातात, हे बरंही करतात.
मी अहवालात दोन्ही लिहिलं.
शितोळे सरांनी समासात पेन्सिलीनं विचारलं,
‘नक्की कुणाच्या बाजूचे?’

कुणाच्याच नाहीत, सर.
त्या तेरा बाटल्यांतही तेच आहेत.
माती पुरेशी दाबली की त्यांना
कूस बदलायलाही जागा उरत नाही,
मग निजतात.
मरत नाहीत हं. निजतात.

चौदावी भरताना फोन वाजला होता,
घरमालकाचा, भाड्याबद्दल.
त्याच्याशी हुज्जत घालता घालता
दाबयंत्राची दांडी
मी दोनदा कमी ओढली.
हे अहवालात नाही.

संध्याकाळी विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी,
खाली चिखलात मगर,
चिखलाइतकीच स्तब्ध.
एक पोरगा बापाला विचारतो, मेलीय का?
बाप म्हणतो, थांब, बघत राहा.
मीही थांबले थोडा वेळ.
काही झालं नाही.

तिथे खाली, खऱ्या बोगद्यात,
दांडी ओढणाऱ्याचा फोन
बाहेर ठेवून घेतील ना?

रात्री वरणभात कालवला,
साबणानं तीनदा धुतलेल्या अंगठ्याला
अजून तो वास होता.