सुई

मोहुर्लेकाका वडशाहून पहाटेच्या एसटीनं आले.
मे महिना. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर
डांबर चपलेला चिकटत होतं,
आणि आत, स्टुडिओत, हिवाळा.
त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडून खांद्यांवर घेतला.
मग दार लागलं. त्या जाड दाराला आवाज नाही,
कानांत नुसता एक दाब येतो.
ते कुजबुजले, ‘पडदा पडला का?’

माझ्याकडे अकरा प्रश्न होते, टाइप केलेले.
आदल्या आठवड्यात याच खुर्चीवर
दगडांचे अभ्यासक डॉ. खानझोडे बसले होते,
टाकळीच्या मातीतला गोगलगाईचा शंख टेबलावर ठेवून
साडेसहा कोटी वर्षं
अठ्ठावीस मिनिटांत बसवून गेले.
त्याआधी एक चित्रकार,
जी फक्त पाठमोरी माणसं रंगवते.
बोलणारे लोक. मायक्रोफोन दिसला
की त्यांच्या गळ्याला आपोआप इस्त्री होते.

काका चाळीस हंगाम झाडीपट्टीत प्रॉम्प्टर.
विंगेच्या कडेला, गुडघ्यावर वही, हातात बॅटरी,
रात्री दहापासून कोंबडा आरवेपर्यंत
दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं ठेवायची.
राजा त्यांनी केला, थोरली सून केली,
दारुड्या, फौजदार, मरताना तीन पानं बोलणारी आई,
आणि उजेडात पाऊल नाही.

काचेपलीकडून शेंडेनं खूण केली, आवाज तपासू द्या.
‘काका, काहीही बोला. सकाळी काय खाल्लं?’
‘पोहे.’
सुई हलली नाही.
‘जरा मोठ्यानं.’
‘पोहे.’
शेंडेनं फेडर टोकापर्यंत नेला,
तर पोह्यांच्या मागे छतातल्या एसीची घरघर आली,
माझ्या बांगडीची किणकिण आली,
काकांच्या घशातला एक जुना खोकला, दाबलेला.
‘अजून मोठ्यानं, काका.’
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं
पहिल्या खेळाच्या नटाकडे पाहत असतील:
‘म्याडम, मोठ्यानं बोललो त लोकायले आयकू जाईन ना.’

मी हसले नाही. शेंडे हसला, काचेपलीकडे, मुका.
लाल दिवा लागला.

चौथा प्रश्न: नट वाक्य विसरला, की तुम्ही काय करता?
‘इसरत नाई कोनी,’ काका म्हणाले,
‘वाक्य तिथंच बसून रायते, अंधारात.
मानूसच पुढं निंगून जाते.’

आणि माझं पुढचं वाक्य गेलं.
कागद समोर होता. अक्षरं होती,
पण मुंग्यांची असतात तशी, आपल्याला काही न सांगणारी.
थेट प्रक्षेपण. एक सेकंद. दोन.
रेडिओवर चार सेकंद म्हणजे
तालुकाभर लोक उठून बटणं फिरवू लागतात.
सहाव्या सेकंदाला
टेबलाच्या पलीकडून, ओठ न हलवता,
माझा कागद उलट्या बाजूनं वाचत,
काका अगदी हळू म्हणाले:
‘तुम्हाला स्वतःला कधी...’

‘तुम्हाला स्वतःला कधी,’ मी म्हणाले,
‘रंगमंचावर यावंसं वाटलं नाही?’

त्यांनी प्रश्न पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान तिरकी केली.
विचार केला. खरंच केला, मी पाहत होते.
‘आलो होतो एक डाव,’ ते म्हणाले. ‘लाइन गेली.’

मानधनाचा फॉर्म त्यांनी बॅटरीच्या उजेडात भरला,
ट्यूबलाइट चालू असताना. सवय.
जाताना शेंडेला सांगून गेले,
‘बाई चांगल्या हायत. पाठांतर कच्चं हाय.’

पंधरवड्यानं आरमोरीहून एक पोस्टकार्ड आलं,
कुणी विठाबाई सहारे, निवृत्त अंगणवाडी सेविका.
मुलाखत आवडली.
मात्र मधोमध एक प्रश्न दोनदा ऐकू आला,
आधी पुरुषाच्या आवाजात, मग तुमच्या.
आमचा सेट जुना आहे. बदलावा का, कळवावे.

मी अजून कळवलेलं नाही.