मेणाची पानं

चियातुरात वीज नसायची, त्या हिवाळ्यात
पहिल्यांदा वाचली ती कादंबरी.
एकोणीस वर्षांची होते.
रोपवेचे पाळणे दरीवर जिथल्या तिथे थांबलेले
आणि माझ्या एका हातात मेणबत्ती.
विहिरीत विष आहे हे ठाऊक असलेला डॉक्टर
गावाला काहीच न सांगता रात्रीच्या गाडीत चढतो,
तिथे हात हलला,
मेण सांडलं.

दोन पानं चिकटली ती चिकटलीच.

गोचाच्या वेळी दिवस भरत आले, तेव्हा पुन्हा वाचली.
सासू म्हणाली, लामझिरा, पोटुशीनं असलं काळं वाचू नये.
मी म्हटलं, इथे नदीसुद्धा काळीच वाहते,
खाणीचा गाळ पिऊन.
डॉक्टरला तेव्हा मनसोक्त शिव्या घातल्या.

पस्तिशीत नाही घातल्या.
मालखाझ पोतीच्या बंदरात गेला होता कामाला,
पैसे पाठवायचा, पत्र नाही.
रोपवेच्या खोलीत दोन फेऱ्यांच्या मधे
मी डॉक्टरच्या बायकोला शोधत बसायचे.
पुस्तकभर ती तेरा वाक्यं बोलते, मोजलीत मी.
त्यातली सात पीठ-मिठाची.
शेवटच्या प्रकरणात ती दाराकडे पाठ करून बसते.
मला वाटायचं, थंडी असेल.

पुढे एकदा तर विहिरीचीच दया आली.
लोक येतात, वाकतात, बादली भरून नेतात,
तिला कोण विचारतं?

जुने पाळणे भंगारात गेले. नव्या केबिनी काचेच्या,
पायाखाली सगळं दिसतं. माझं पुस्तक तेच.

काल इस्त्री करता करता
त्या दोन पानांवर कोरा कागद ठेवला
आणि इस्त्री फिरवली.
तीस वर्षांत हे सुचलं नव्हतं असं नाही.

कागदावर तळहाताएवढा डाग उतरला.
पानं सुटली.

तो परत आला होता.
पुढच्याच स्टेशनावर उतरून, रुळांच्या कडेनं,
पहाटेपर्यंत बर्फ तुडवत.
आपल्याच दारावर थाप मारत उभा राहिला.
आत दिवा होता.
आणि तिचं चौदावं वाक्य तिथे होतं,
कडी न काढता बोललेलं:
इथे कुणी राहत नाही.

उभ्या उभ्याच वाचलं. इस्त्री हातात तशीच.
मग मेण कोमट होतं तोवर
पुस्तक मिटलं, वर पिठाचा डबा ठेवला
आणि चारच्या पाळीला गेले.